साथ येण्याआधीची तयारी: घरी झोपून असलेले पेशंट, त्यांच्या मावशी आणि घरचे यांच्यासाठी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी नर्स आहे. हॉस्पिटलची ड्यूटी सोडली त्याला बारा वर्षं झाली. तेव्हापासून गिरगाव, परळ, दादर या पट्ट्यात घरी झोपून असलेल्या पेशंटचं काम बघते. कुठल्या घरी कोण मावशी, म्हणजे पेशंटची रोजची सेवा करणारी बाई, जाणार, दिवसपाळी कोणाची, रातपाळी कोणाची, भरवायची ट्यूब आणि लघवीची नळी (कॅथेटर) कधी बदलायचे, हे माझं रोजचं काम. साथीची बातमी आली की माझा फोन थांबत नाही, आणि दर वेळी तेच प्रश्न असतात. म्हणून एकदाच सगळं लिहून काढलं.

साथ आलेली नसताना आत्ताच तयारी कशाला?

साथ आल्यावर तयारीला वेळ मिळत नाही म्हणून. मार्च 2020 मध्ये लोकल बंद झाली तेव्हा माझ्या यादीतल्या बहुतेक मावशी दिवा, नालासोपारा, बदलापूर इथे राहणाऱ्या होत्या. एका रात्रीत त्या तिकडे आणि पेशंट इकडे. 15 जूनला गाड्या सुरू झाल्या त्या अत्यावश्यक सेवेतल्या कर्मचाऱ्यांसाठी. घरोघर जाऊन म्हाताऱ्या माणसांना अंघोळ घालणाऱ्या बाईकडे दाखवायला तसलं ओळखपत्र नव्हतं. ज्या घरात मुलाला किंवा सुनेला पेशंटला कुशीवर कसं वळवायचं हे माहीत होतं ती घरं निभावून गेली. बाकीच्या घरांत दहा-बारा दिवसांत पाठीला जखमा झाल्या.

कोविडएवढी मोठी साथच यायला हवी असंही नाही. मुंबईत पावसाळा आला की फ्लू आणि पोटाचे आजार येतातच. 2022 च्या अखेरीस गोवंडीच्या बाजूला गोवराची साथ आली होती. तीन वर्षं अंथरुणाला खिळलेल्या माणसाला साधा फ्लूसुद्धा झेपत नाही.

सगळ्याच साथी पेशंटपासून मावशीला आणि मावशीपासून पेशंटला लागतात का?

नाही, आणि हा फरक कळला की निम्मी भीती कमी होते. फ्लू, कोविड, गोवर, कांजिण्या, टीबी हे श्वासावाटे किंवा हवेतून पसरतात. जुलाब-उलट्यांचे आजार हात, पाणी आणि अन्नातून. खरूज अंगाला अंग लागून आणि अंथरुणातून. डेंग्यू आणि मलेरिया डासाशिवाय एकाचा दुसऱ्याला होत नाहीत, त्यामुळे डेंग्यूच्या पेशंटची मावशी काढून टाकण्यात काही अर्थ नाही. मच्छरदाणी लावा आणि कुंड्यांखालच्या बशा, बादल्या रिकाम्या करा.

लेप्टोचं (लेप्टोस्पायरोसिस) तसंच. तो साचलेल्या पाण्यातून, उंदीर आणि जनावरांच्या लघवीमुळे होतो. 26 जुलै 2005 च्या पुरानंतर मुंबईला तो चांगलाच माहीत झाला. तुमच्या मावशी दादरच्या हिंदमातासारख्या सखल भागातल्या गुडघाभर पाण्यातून चालत आल्या असतील तर त्यांना आधी बाथरूममध्ये साबणाने पाय धुऊ द्या, कोरडे कपडे द्या, पायाला कुठे कापलंय का बघा. मग त्याच दिवशी पालिकेच्या दवाखान्यात पाठवा. पाण्यातून चालल्यापासून 24 ते 72 तासांच्या आत प्रतिबंधक गोळी घ्यावी असा पालिकेचा सल्ला असतो. कोणाला कुठली आणि किती, ते डॉक्टर सांगतील.

खरजेबद्दल थोडं जास्त लिहिते, कारण ती लाजेपोटी लपवली जाते. पहिल्यांदा झाली तर खाज सुटायला चार ते सहा आठवडे लागतात, तोवर ती घरभर गेलेली असते. एकट्या पेशंटला मलम लावून ती जात नाही. पेशंट, घरचे आणि मावशी या सगळ्यांनी एकाच रात्री औषध लावायचं, आणि कपडे-चादरी गरम पाण्यात धुऊन कडक उन्हात टाकायच्या. मावशींच्या औषधाचे पैसे घराने द्यावेत. खरूज कोणी कोणाला दिली याची चौकशी करत बसू नका, त्यातून फक्त भांडण निघतं.

मावशींना सकाळी ताप असेल तर त्यांनी काय करायचं?

यायचं नाही, निघण्याआधी फोन करायचा. लिहायला हे सोपं आहे, घडत मात्र नाही. का घडत नाही ते सांगते.

माझ्या देखरेखीखालच्या एका घरातली गोष्ट. आजोबांना पार्किन्सन्स. मावशी पाच वर्षं त्यांच्याकडे, त्यांच्याच हातून आजोबा जेवायचे. एका पावसाळ्यात मावशींना अंगदुखी आणि बारीक ताप होता. त्यांनी पॅरासिटामॉलची गोळी घेतली, ताप उतरला, त्या कामावर आल्या. चौथ्या दिवशी आजोबांना फ्लू, आठव्या दिवशी न्यूमोनिया. आजोबा वाचले, पण पुन्हा खुर्चीत बसले नाहीत. घरचे मावशींवर भडकले. मी त्यांना एकच विचारलं, त्या घरी राहिल्या असत्या तर तुम्ही त्या दिवसांचे पैसे दिले असते का? कोणी काही बोललं नाही. त्या घरात खाडा पडला की पैसे कापले जायचे, दोन खाडे झाले की मावशी पुरवणाऱ्या ब्युरोला फोन जायचा. हा नियम मला माहीत होता आणि मीही कधी त्याला हरकत घेतली नव्हती. मावशींना खरं सांगायची सोयच आम्ही कोणी ठेवली नव्हती.

म्हणजे आजारी रजेचे पैसे द्यायचे?

हो. माझं मत स्पष्ट आहे, द्यायचे. महिन्यामागे निदान एक दिवस आजारपणाची पगारी सुट्टी ठरवा, आणि साथ असेल तेव्हा आजार संपेपर्यंतचे सगळे दिवस. मास्क, सॅनिटायझर, ऑक्सिमीटर या सगळ्या खरेदीपेक्षा या एका गोष्टीचा पेशंटला जास्त उपयोग होतो, कारण ताप असलेला माणूस दारातच येत नाही. बदली मावशीचे पैसे वेगळे द्यावे लागतात हे मला माहीत आहे आणि प्रत्येक घराला ते परवडत नाही हेही. ज्यांना पूर्ण पगार जमत नाही त्यांनी अर्धा तरी द्यावा. पण जे देणार ते आधी तोंडाने सांगा. "मावशी, ताप आला तर येऊ नका, तुमचा खाडा धरणार नाही." हे वाक्य साथ येण्यापूर्वी बोललं गेलं तरच त्यावर विश्वास बसतो. ब्युरोमार्फत ठेवलं असेल तर ब्युरोलाही सांगा, नाहीतर घर पैसे देतं आणि ब्युरो खाडा लावतो असं होतं.

परत कधी बोलवायचं?

फ्लूसारखा आजार असेल तर तापाची गोळी न घेता 24 तास ताप नसायला हवा, खोकला बराच कमी झालेला हवा, आणि नंतरही काही दिवस मास्क. जुलाब-उलट्या थांबल्यावर 48 तास. कांजिण्यांत सगळ्या फोडांवर खपली धरेपर्यंत. गोवरात पुरळ उठल्यापासून किमान चार दिवस. टीबी निघाला तर औषध सुरू करून डॉक्टर सांगतील तेव्हा. टीबीवर सरकारी औषध मोफत मिळतं आणि पूर्ण बरा होतो, त्यामुळे टीबी झाला म्हणून कोणाला कायमचं काढू नका.

मावशी आल्याच नाहीत तर?

यासाठी घरात वही हवी. मोबाइलमधली नोंद नको, कारण फोन ज्याच्या खिशात तो ऑफिसला गेलेला असतो. दोनशे पानी साधी वही, पलंगाच्या डोक्याशी खिळ्याला दोरीने टांगलेली. पहिल्या पानावर पेशंटचं नाव, वय, आजार, कशाची ॲलर्जी आहे. दुसऱ्या पानावर औषधं: नाव, किती, कधी, जेवणाआधी की नंतर, गोळी कुटून ट्यूबमधून द्यायची की गिळायची. तिसऱ्यावर दिनक्रम. इथे घड्याळाच्या वेळा नुसत्या लिहू नका, मावशींना जे माहीत आहे ते त्यांच्याच शब्दांत उतरवून घ्या. माझ्या एका पेशंटच्या वहीत लिहिलंय, "आजी उजव्या कुशीवर ओरडतात, आधी पाय वळवा मग खांदा. चहा बशीत द्या, कपाला हात थरथरतो. रात्री दोनला पाणी मागतात, चमच्याने." पाच वर्षांची सेवा त्या चार ओळींत आहे. नवी बदली मावशी आली आणि हे पान वाचलं तर आजी पहिल्याच रात्री शांत झोपतात.

घरातल्या किमान दोघांनी चार कामं मावशींकडून हाताने करून शिकायची: दर दोन तासांनी कूस बदलणं, डायपर बदलणं, ट्यूबने किंवा चमच्याने भरवणं आणि पलंगावरून खुर्चीत घेणं. नुसतं बघून हे येत नाही. रविवारी मावशींसमोर करून दाखवा, त्यांना चुका काढू द्या. आणि एक पुरुष शिकलेला असू द्या. सगळं सुनेच्या अंगावर टाकून घर चालत नाही, तीच आजारी पडली तर काय करणार?

बदलीसाठी दोन नावं आधीच हेरून ठेवा, शक्यतो चालत येता येईल अशा अंतरावरची. मावशी घरीच मुक्कामाला राहायला तयार असतील तर चोवीस तासांच्या ड्यूटीचे पैसे, झोपायची जागा, त्यांच्या मुलांना फोन करायची वेळ आणि आठवड्याची सुट्टी हे आधी ठरवा. 2020 मध्ये काही मावशी तीन-तीन महिने पेशंटच्या घरी राहिल्या. त्यांची स्वतःची मुलं शेजारणीच्या भरवशावर होती. त्याची आठवण ठेवा.

घरात सामान किती भरून ठेवायचं?

रोजची औषधं पंधरा दिवस ते महिनाभर पुरतील एवढी, प्रिस्क्रिप्शनच्या दोन प्रतींसकट. डायपर, कॅथेटरची पिशवी, ट्यूब फीडची पावडर यांचा दोन आठवड्यांचा साठा. थर्मामीटर, ऑक्सिमीटर, ओआरएसची पाकिटं, साबण, मास्क, हातमोजे. त्याहून जास्त भरू नका, औषधं कपाटात मुदत संपून जातात आणि दुसऱ्या कोणाला मिळत नाहीत.

घरी ऑक्सिजन लागत असेल तर वीज गेल्यावर काय, हे आजच ठरवा. हवेतून ऑक्सिजन काढून देणारं यंत्र, म्हणजे कॉन्सन्ट्रेटर, विजेवर चालतो, म्हणून एक भरलेला सिलिंडर हाताशी हवा. तो देवघरातल्या समईपासून आणि गॅसपासून लांब ठेवा.

आमचं वन रूम किचन आहे. पेशंटला वेगळं कसं ठेवणार?

वेगळी खोली, वेगळं बाथरूम हे सल्ले मुंबईतल्या बहुतेक घरांना लागू पडत नाहीत. जे जमतं ते करू. पेशंटचा पलंग खिडकीशी घ्या. समोरचं दार किंवा स्वयंपाकघराची खिडकी उघडी ठेवा, म्हणजे वारा आरपार जाईल. एक्झॉस्ट फॅन असेल तर तो चालू ठेवा. टेबलफॅन लावायचा तर तोंड खिडकीबाहेर करा, पेशंटकडून घराकडे वारा येता कामा नये. एसी लावून खोली बंद करणं साथीत सगळ्यात वाईट.

घरातला कोणी आजारी असेल तर त्याची झोपायची जागा पेशंटपासून जास्तीत जास्त लांब. साडी किंवा चादर लावून केलेला पडदा हवा अडवत नाही, पण इथून पुढे यायचं नाही याची सगळ्यांना आठवण राहते, लहान मुलांना विशेष. चाळीत कॉमन संडास असेल तर आजारी माणसाने शेवटी जावं, मास्क लावून, आणि कडी-नळ पुसून यावं. नेब्युलायझर (औषधाची वाफ देणारं यंत्र) लावताना खिडकी उघडी आणि खोलीत फक्त एक माणूस.

मास्क कोणी लावायचा? आईला मास्क बघून भीती वाटते.

साथीत मावशींनी लावायचा, व्हॉल्व्ह नसलेला एन-95, नाकावरची पट्टी दाबून, कडेने हवा जात नाही ना हे तपासून. पेशंटला खोकला असेल आणि श्वासाला त्रास नसेल तर त्यांनाही साधा सर्जिकल मास्क, तोही झेपेल तितकाच वेळ. स्वतः मास्क काढता येत नाही अशा पेशंटला, झोपेत किंवा ऑक्सिजन चालू असताना मास्क लावू नका.

विसरभोळेपणाचा आजार असलेल्या माणसाला अर्धा चेहरा झाकलेली बाई परकी वाटते, ते खरं आहे. मावशींनी दारातून, लांबूनच मास्क खाली करून चेहरा दाखवावा, नेहमीची हाक मारावी, मग मास्क वर घेऊन जवळ जावं. एका काकूंसाठी आम्ही मावशींना रोज त्याच हिरव्या ओढणीत यायला सांगितलं. चेहरा नाही, पण ओढणी त्यांनी ओळखली. ऐकू कमी येणाऱ्यांसाठी पाटी आणि खडू ठेवा.

हातमोजे घातले की हात धुवायला नकोत ना?

धुवायलाच हवेत. डायपर बदललेल्या हातमोज्यांनी फ्रिजचं दार उघडलेलं मी डोळ्यांनी पाहिलंय. मोजे एका कामापुरते. काम झालं की उलटे करून काढा, टाका आणि साबणाने 20 सेकंद तरी हात धुवा, अंगठे आणि बोटांच्या बेचकीसकट. सॅनिटायझर प्रवासात चालतो, पण जुलाब-उलट्यांच्या साथीत त्याचा भरवसा धरू नका, साबण-पाणीच हवं. मावशींच्या अंगठ्या आणि बांगड्या कामाच्या वेळी बाजूला. ज्यांना बांगड्या काढणं मनाला पटत नाही त्यांना जबरदस्ती करू नका, कोपरापर्यंत वर सारून हात धुवायला सांगा.

ब्लीच कसं वापरायचं?

बाटलीवर 5 टक्के लिहिलं असेल तर एक लिटर पाण्यात 20 मिलि, पलंगाच्या कडा, दाराच्या कड्या, स्विच पुसायला. उलटी किंवा जुलाब सांडलं असेल तर आधी कागदाने उचला, मग एक भाग ब्लीच आणि नऊ भाग पाणी घालून दहा मिनिटं राहू द्या. ब्लीचचं पाणी रोज ताजं बनवा. संडास साफ करायच्या ॲसिडबरोबर ब्लीच कधीही मिसळू नका, विषारी क्लोरीन वायू तयार होतो आणि बंद मोरीत माणूस गुदमरतो. पेशंटच्या अंगावर ब्लीच फवारायचं नाही.

खराब चादरी झटकू नका. गुंडाळून थेट बादलीत, साबण आणि गरम पाणी, मग ऊन. पावसाळ्यात ऊन नसेल तर इस्त्री.

डायपर, मास्क हे ओल्या कचऱ्यात टाकायचे का?

नाही. वेगळ्या पिशवीत बांधून, वर लाल खूण करून द्या. कचरा उचलणारा माणूस उघड्या हातांनी पिशवी धरतो. 2025 पासून पालिका सॅनिटरी कचरा वेगळा नेते, त्यासाठी सोसायटीने नोंदणी करायची असते, सेक्रेटरींना विचारा. सुया कधीच पिशवीत नको, जाड प्लास्टिकच्या बाटलीत झाकण लावून ठेवा.

बाबांना ताप नाही, तरी आजार असू शकतो?

असू शकतो. वयस्कर माणसांत बऱ्याचदा ताप येतच नाही. एकाएकी बडबडणं, रोजची माणसं न ओळखणं, जेवण सोडणं, दिवसभर झोपून राहणं, पडणं, लघवी कमी होणं ही त्यांची लक्षणं. "आज बाबा नेहमीसारखे नाहीत" असं मावशी म्हणाल्या तर ते गंभीरपणे घ्या. दिवसाचे बारा तास त्याच बघतात.

ऑक्सिमीटरवर 94 च्या खाली आकडा आला तर डॉक्टरांना फोन. बोट थंड असेल, नखांना मेंदी किंवा नेलपॉलिश असेल तर आकडा चुकतो. बोट चोळून गरम करा, दुसऱ्या बोटाला लावा, मिनिटभर थांबा. ज्यांना आधीपासून फुप्फुसाचा आजार आहे त्यांचा नेहमीचा आकडाच कमी असतो, तो वहीत लिहून ठेवा.

लस कोणाला?

पेशंटला फ्लूची दर वर्षी, पावसाळ्यापूर्वी. न्यूमोकोकलची, म्हणजे न्यूमोनियाविरुद्धची, डॉक्टर सांगतील तशी. घरच्यांना आणि मावशींनाही फ्लूची द्या, पैसे घराने भरावेत. अंथरुणावरच्या म्हाताऱ्या शरीरात लस थोडी कमी काम करते, म्हणून भोवतालच्यांनी घेतलेली उपयोगी पडते. मावशींना लहानपणी गोवर, कांजिण्या आल्या होत्या का, हेही विचारून लिहा. पुढे तशी साथ आली तर कोणाला पाठवायचं ते ठरवता येतं.

पेशंटलाच लागण झाली आणि मावशी नाही म्हणाल्या तर?

नाही म्हणण्याचा त्यांना हक्क आहे. गरोदर असतील, डायबिटीस असेल, घरी तान्हं बाळ किंवा म्हातारी सासू असेल तर मीच त्यांना पाठवत नाही. ज्या यायला तयार होतात त्यांना आजाराचं नाव खरं सांगा, सगळं साहित्य द्या आणि जास्तीचे पैसे द्या. आजार लपवून मावशीला बोलावणं हा विश्वासघात आहे.

सोसायटी मावशींना गेटवर अडवते.

2020 मध्ये हे खूप झालं. अंथरुणावरचा माणूस वर एकटा, आणि त्याची मावशी खाली वॉचमनशी वाद घालत उभी. साथ नसताना सेक्रेटरींकडे डॉक्टरांच्या पत्राची प्रत देऊन ठेवा: अमुक पेशंटला रोज माणूस लागतो. ओळखपत्राचा फोटो वॉचमनच्या केबिनमध्ये. साथरोग कायदा 1896 च्या मुंबईतल्या प्लेगनंतर 1897 मध्ये आला, आणि 2020 च्या दुरुस्तीने साथीच्या काळात नर्स आणि आरोग्य कर्मचाऱ्यांवर हल्ला करणाऱ्याला तीन महिने ते पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. पण कायदा दाखवायची वेळ येऊच नये, म्हणून आधी जाऊन बोला. आणि लिफ्टमध्ये मावशींना वेगळं पाडणाऱ्या पाट्या असतील तर त्या काढायला लावा.

रात्री काही झालं तर?

ॲम्ब्युलन्सला 108, पालिकेला 1916, आरोग्य सल्ल्याला 104. संसर्गजन्य आजारांसाठी पालिकेचं कस्तुरबा रुग्णालय चिंचपोकळीला आहे, पण श्वास लागलेल्या पेशंटला घेऊन आधी जवळच्या मोठ्या हॉस्पिटलात जा.

ॲम्ब्युलन्स येते, पण जुन्या इमारतींच्या लिफ्टमध्ये स्ट्रेचर मावत नाही आणि चाळीच्या लाकडी जिन्यावर ते वळत नाही. तिसऱ्या मजल्यावरून एका काकांना आम्ही हात असलेल्या खुर्चीत बसवून, छातीला चादर बांधून खाली आणलं. दोघं वर, दोघं खाली, आणि मावशी पुढे ऑक्सिजनची नळी सांभाळत. खुर्ची कुठली ते आज ठरवा, जिन्यातल्या सायकली हलवून ठेवा, आणि रात्री दोनला दार वाजवलं तरी उठतील अशा चार शेजाऱ्यांना आधी विचारून त्यांचे नंबर वहीच्या शेवटच्या पानावर लिहा.